बेंबीपर्यंत उतरलेली माळ

कावीळ झालेल्या घरात जो येतो तो एक मुदत सांगून जातो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आठवडाभर. दूधवाला म्हणाला, अमावास्या उलटू द्या, आपोआप ओसरेल. नवऱ्याच्या मामांनी फोनवर सांगितलं की त्यांचा अख्खा हिवाळा त्यात गेला होता, आणि वर म्हणाले, "पण मी वाचलो ना!" असलं सांत्वन कोणी करतं का? मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे आपटले. मला मुदत हवी होती, पण खरी. ती कोणाकडेच नव्हती.

आम्ही शहाद्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहतो. माझा नवरा कारखान्यात पॅनमन आहे. म्हणजे आटवलेला रस मोठ्या बंद पॅनमध्ये शिजवून त्यातून साखरेचा दाणा धरायचा. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, उजेडासमोर धरायचा आणि डोळ्यांनी ठरवायचं, दाणा झाला की नाही. हंगाम चालू असला की पाळीभर त्या धगीत उभं राहायचं. माणूस घरी येतो तो निथळत येतो. समोर मी त्याला "अहो" म्हणते, पण इथे "तो" म्हणणार आहे. वाचून राग आला तर येऊ दे.

तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. मुलगी धुळ्याला वसतिगृहात, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. माझं माहेर नाशिककडचं. इतकी वर्षं इथे काढली तरी माझ्या तोंडात अहिराणी बसली नाही ती नाहीच. मी माझं बोलते, सासूबाई त्यांचं बोलतात, आणि भांडताना दोघींनाही एकमेकींचं अगदी चोख कळतं.

नवरात्र संपलं आणि त्याची भूक गेली. भाकरीचा वास आला तरी तोंड फिरवायचा. मी म्हटलं, पित्त असेल. मग अंगाला खाज सुटली. एका सकाळी तो ओट्यावर उन्हात दात घासत होता, मी पाण्याचा तांब्या द्यायला गेले, त्याने वर बघितलं आणि माझ्या हातातला तांब्या सुटलाच. डोळ्यांतलं पांढरं कुठे राहिलंच नव्हतं. हळदीच्या हाताने पुसल्यासारखे डोळे. मी ओरडले, "आत्या, बाहेर या!" सासूबाई आल्या, त्याच्याकडे बघितलं आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

त्यांचं बसणं मला तेव्हाच समजलं. माझे सासरे काविळीनेच गेले होते. नवरा तेव्हा लहान होता, त्याला वडिलांचं फारसं काही आठवत नाही. आठवते ती फक्त माळ.

आता ही माळ काय ते सांगते. आमच्याकडे कावीळ झाली की धडगावकडच्या डोंगरातला एखादा जाणता गाठतात. तो कसल्याशा वेलीच्या काडीचे बारीक बारीक तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवून त्यांची माळ करतो आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवतो. पहिल्या दिवशी ती मुकुटाएवढी असते. मग ती वाढत जाते. कपाळावरून कानांवर, कानांवरून गळ्यात, छातीवर, बेंबीपर्यंत. जशी माळ उतरते तशी कावीळ उतरते, असं म्हणतात. बेंबीखाली आली की हात माळेतून बाहेर घ्यायचे, मग घरातल्या बाईने ती पायांवरून काढायची आणि नदीत सोडायची. झाला माणूस बरा. काड्या ओल्या असतात, वाळून बारीक होतात, फास सैल पडतात, म्हणून माळ लांबते, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. मी ते बोलूनही दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "तुले काय समजस? तू गप बठ."

सासऱ्यांची माळ कानांखाली उतरलीच नव्हती, असं त्या कायम सांगत आल्या. कानांशी अडली आणि माणूस गेला. हे नवऱ्याने लहानपणापासून ऐकलेलं. माझ्या लग्नानंतर मीही कितीदा तरी ऐकलं.

मी त्याला शहाद्याला डॉक्टरांकडे नेलं, मायलेकांनी माळ आणली. मी म्हटलं, दोन्ही होऊ द्या, माळेने काही बिघडत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, यकृताला सूज आहे म्हणाले. बाहेरचं पाणी बाधलं असणार. कुठलं पाणी, कोणास ठाऊक. मी विचारलं, "डॉक्टर, किती दिवस?" ते म्हणाले, "डोळे निवळायला काही आठवडे धरा. अंगात ताकद यायला त्याहून जास्त. कोणाकोणाचं रेंगाळतं. यावर गोळी नाही ताई, विश्रांती हेच औषध. दारूच्या थेंबाला शिवायचं नाही, आणि मनाने कुठली पुडी-काढा घ्यायचा नाही."

"पण हंगाम तोंडावर आला," नवरा म्हणाला.

"हंगाम दरवर्षी येतो," डॉक्टर म्हणाले.

हे डॉक्टरांना बोलायला ठीक आहे. हंगाम दरवर्षी येतो, पण पॅनवरची जागा दरवर्षी तशीच राहते असं नाही. त्याच्या हाताखाली एक तरुण मदतनीस होता, हुशार, नम्र, मान खाली घालून शिकणारा. नवऱ्याला त्याचंच भय होतं. उर्मट असता तर एवढं वाटलं नसतं.

मग घरात दोन कारभार सुरू झाले. सकाळी ऊन ओट्यावर आलं की मी त्याला बाहेर बसवायची, खालची पापणी बोटाने ओढायची आणि डोळा बघायची. सासूबाई डोळ्याकडे ढुंकूनही बघत नसत. त्या माळ बघत. माळ कपाळावर. दुसऱ्या दिवशी कपाळावर. तिसऱ्या दिवशी जरा भुवईकडे सरकल्यासारखी वाटली, तर ती नुसती तिरकी झाली होती.

जेवणाचा तर वनवास. डॉक्टर म्हणाले होते की साधं घरचं सगळं खाऊ दे, पण सासूबाईंनी तेल, तिखट, हळद हद्दपार केलं. हळदीने पिवळं वाढतं म्हणे! हळदीचा डबा त्यांनी कोठीमागे दडवला. जो माणूस हिरव्या मिरच्यांच्या ठेच्याशिवाय घास गिळत नाही, त्याच्यापुढे पांढरा भात, पांढरं ताक, पांढरी भाजी. आणि उसाचा रस. येणारा जाणारा रस घेऊन येई. जन्मभर रसाच्या वाफेत उभा राहिलेला माणूस तो, वासानेच ओकारी यायची त्याला. मी एकदा सगळा रस परसात ओतून दिला. मुंग्यांची चैन झाली.

पण खरी काळजी खाण्याची नव्हती. तो भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. सकाळी उठला की आधी हात डोक्याकडे. माळ चाचपायचा. मग आईला विचारायचा, "माय, आज कोठलोंग उनी?" कुठवर आली? सासूबाई म्हणायच्या, "उतरी ऱ्हायनी, उतरी ऱ्हायनी." आणि माळ होती तिथेच, कानांच्या वर. तो आणखी भिंतीकडे सरकायचा. एक दिवस मला जवळ बोलावून म्हणाला, पोरीचं शिक्षण काही झालं तरी थांबवू नकोस.  मी काय केलं, तर त्याच्यावर खेकसले. "एवढं कळतं तर उठा आणि दोन घास खा! मला कशाला कामं सांगता?" परसात जाऊन मात्र तोंडात पदर कोंबून रडले. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. पडलेल्या माणसाने मनातून हातपाय गाळले की औषध काय आणि माळ काय.

आणि मग माळ उतरायला लागली.

एका संध्याकाळी ती कानांवर होती. दोन दिवसांनी कानांखाली. तो आरशात बघतच राहिला. ज्या जागी बापाची माळ अडली, ती जागा त्याची माळ ओलांडून गेली होती. त्या रात्री त्याने मागून भात घेतला. सकाळी तो दाढी करायला बसला, तेव्हा मला वाटलं, आता नाचावं. माळ गळ्यात आली. तो वसाहतीच्या फाटकापर्यंत चालून आला. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागला, "हाई भाजी शे का कागद?" म्हणाला. मी म्हटलं, देवा, हा माणूस टोमणे मारतोय, म्हणजे वाचला!

मी काही अगदीच नास्तिक नाही. मनात म्हटलं, असेल बाई माळेत काहीतरी. पण सकाळच्या उन्हात पापणी ओढली की डोळा मात्र तसाच. थोडा फिकट, पण पिवळाच.

मी घरी ब्लाउज शिवते. एका दुपारी पलीकडच्या गल्लीत दोन ब्लाउज पोचवायला गेले होते, त्या बाई घरी नव्हत्या म्हणून लगेच परतले. मागच्या दाराने आत आले. तो गाढ झोपला होता. सासूबाई त्याच्या उशाशी बसून, चष्मा लावून, मान पार खाली घालून काहीतरी करत होत्या. मला आधी वाटलं, पोराच्या डोक्यातल्या उवा बघताहेत की काय! जवळ गेले तर त्यांच्या हातात माझ्या शिवणाच्या डब्यातली सुई. सुईच्या टोकाने त्या माळेचा एक एक फास अलगद सैल करत होत्या.

मी त्यांचा दंड धरला आणि परसात कपडे धुवायच्या दगडापाशी नेलं. ओरडता येत नव्हतं, तो जागा झाला असता. दबक्या आवाजात भांडणं फार अवघड असतं. मी म्हटलं, "हे काय चाललंय, आत्या?"

त्या आधी म्हणाल्या, काही नाही. मग सुई पदरात खोचली. म्हणाल्या, "त्यानी हिंमत सोडी दी व्हती. तू दखी ना? आते जेवस, बोलस, हासस."

"पण तो बरा झाला नाही अजून!"

"व्हई. जेवना ते व्हई."

 माझ्या ओरडण्याने जे झालं नव्हतं ते त्या सुईने झालं होतं, हे मलाही दिसत होतं. तरी मी म्हटलं, त्याला सांगायला हवं. तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर नाही, तर हवेत, आतल्या खोलीच्या दिशेने धरला आणि म्हणाल्या, "मन्हा पोऱ्यानी शप्पत शे तुले. त्याले सांगू नको."

झालं. शपथ घातली ती माझ्या नवऱ्याची. एरवी असल्या शपथांना मी हसते. पण ज्याच्या डोळ्यांचा पिवळा रंग रोज सकाळी बघायचा, त्याच्या जिवाची शपथ मोडायची छाती होत नाही हो. मी सासूबाईंवर चिडले, स्वतःवर चिडले आणि गप्प बसले.

दिवाळी आली तशी गेली. ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यायला लागल्या. डोंगरातली तोडणीवाली कुटुंबं कारखान्याच्या मागच्या माळावर पाचटाच्या कोप्या बांधायला लागली. चिमणीतून धूर निघाला, बॉयलर पेटला. तो धूर बघून नवरा पिंजऱ्यातल्यासारखा घरात फेऱ्या मारायला लागला. दम लागायचा, मध्येच भिंतीला धरून उभा राहायचा, आणि मी बघितलं की बुटाची नाडी बांधल्याचं सोंग करायचा. पायात बूट नसताना.

अशात तो मदतनीस भेटायला आला. पेरू घेऊन आला होता. खाली मान घालून म्हणाला, "काका, तुम्ही निवांत बरे व्हा. साहेब म्हणत होते, या हंगामाला मी सांभाळू का पॅन? तुम्हाला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." बिचाऱ्याने चांगल्या मनाने विचारलं. नवरा हसून म्हणाला, "अरे, मी येतोय. पहिल्या मोळीच्या दिवशी हजर." मदतनीस गेल्यावर मी भांडले. नवऱ्याने शर्टाची बटणं काढून माळ दाखवली. ती बेंबीपर्यंत आली होती.

"आखो काय पाहिजे तुले?" तो म्हणाला. आणखी काय हवं?

मी त्याला जबरदस्तीने परत तपासणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, उतरणीला लागलंय, पण निम्म्यावरच आलंय. पॅनजवळची उष्णता, रात्रपाळी, उभं राहणं, यातलं काहीही आत्ता चालणार नाही. यकृत अजून कच्चं आहे, ताण दिलात तर उलटेल, आणि उलटलं तर मी काही सांगू शकत नाही. मी म्हटलं, ऐकलंत? तो एसटीत खिडकीबाहेर बघत बसला. घरी आल्यावर म्हणाला, "डॉक्टर बेंबी दखस का?" बेंबी बघतो का म्हणे डॉक्टर!

मला त्याही स्थितीत हसू आलं, आणि मग असा संताप आला की बस्स. एक शब्द उच्चारला असता तर तो घरी बसला असता. एकच. पण तो शब्द उच्चारला की परत भिंतीकडे तोंड. माळ कानांशीच आहे, बापाच्याच जागी, हे त्याला कळलं की तो काय उठणार होता? आणि वर ती शपथ. सांगितलं तर मनाने मरेल, न सांगितलं तर देहाने. मी सासूबाईंच्या मागे लागले. स्वयंपाकघरात, परसात, देवासमोर, जिथे दिसतील तिथे. "तुम्ही सांगा. तुमचा मुलगा आहे. तुम्हीच बांधलंय, तुम्हीच सोडा." त्या कानांवर पदर ओढून घ्यायच्या. रोज एक नवं कारण. कधी म्हणायच्या, खरंच बरा झाला असेल. कधी म्हणायच्या, आता कोणत्या तोंडाने सांगू?

मोळीच्या आदल्या दिवशी मी त्याचे बूट धान्याच्या कोठीत टाकले आणि वरून ज्वारी ओतली. वेडेपणाच, पण दुसरं काही सुचेना.

मोळीचा दिवस म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीत पहिली उसाची मोळी टाकायचा दिवस. सकाळपासून बँड वाजत होता. तो माझ्याआधी उठला, आंघोळ केली, हात माळेतून काढून ती कमरेवर घेतली, कारखान्याचा खाकी शर्ट घातला. शर्टात त्याच्यासारखे दोघे मावले असते. बूट सापडले नाहीत तेव्हा माझ्याकडे बघून मिश्कील हसला आणि चपला घातल्या. मी दारात आडवी उभी राहिले. "मला बाजूला करून जायचं असेल तर जा," म्हटलं. त्याने मला बाजूला केलं नाही. तो ओट्याच्या आतल्या बाजूला, उंबऱ्याजवळ उभा राहिला, शर्ट वर केला आणि म्हणाला, "माय, काढ."

माळ पायांवरून काढायचा मान घरातल्या बाईचा. सून मी, पण त्याने आईला हाक मारली. जाताना गोमाईच्या पुलावरून ती नदीत सोडणार होता.

सासूबाई आल्या. त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. दोन्ही हातांनी त्याच्या कमरेपाशी माळ धरली. खाली ओढायची, पावलांपर्यंत न्यायची, तो एक एक पाय उचलेल, की संपलं. त्यांनी ती मांडीपर्यंत आणली. गुडघ्यांपर्यंत आणली. आणि तिथे हात थांबले. बँडचा आवाज येत होता. तो म्हणाला, "काढ ना माय, उशीर व्हई ऱ्हायना."

सासूबाईंनी माळ घट्ट मुठीत धरली आणि त्याचे गुडघेच मिठीत घेतले. म्हणाल्या, "जाऊ नको रे भाऊ. ह्या गाठी मी सोड्यात. तू झोपेल व्हता तवय, रोज. ती उतरनी नही. मी उतारी."

 मला वाटलं, आता कोसळतो. मी त्याचा दंड धरला. त्याने खाली आईकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे बाबानी जशी अडकनी व्हती, तशीच?"

तेव्हा सासूबाई रडायला लागल्या. इतकी वर्षं मी त्यांना बघत होते, पण असं रडताना कधी बघितलं नव्हतं. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखं. म्हणाल्या, "तुन्हा बापनी कोठे अडकनी रे? त्यानी उतरनी व्हती. बेंबीलोंग, आपोआप. कोणी हात बी नही लावा. मीच काढी पायवरथून. मीच सांगं त्याले, बरा व्हयना ना, जा, गहूले पानी भर. तो बांधवर पडना. घर उना तो खाटवर उना."

आमच्या दारातून माणसं कारखान्याकडे चालली होती, कोणी हाक मारली, "चला पॅनमन!"  सासूबाईंनी जन्मभर सगळ्यांना सांगितलं होतं की माळ कानांशी अडली. अडली म्हणजे दैव. उतरली असं सांगितलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, मग त्याला शेतात कोणी पाठवलं? मला त्या सुईचा अर्थ तेव्हा लागला. माळेवर त्यांचा विश्वास होता म्हणून त्या ती सैल करत नव्हत्या. माळेवरचा त्यांचा विश्वास त्या बांधावरच संपला होता. विश्वास त्यांच्या मुलाचा होता, आणि तो त्यांनीच त्याला शिकवला होता.

भोंगा झाला. मोळी पडली. नवरा उंबऱ्यावर खाली बसला, माळ पायांभोवती तशीच. चपला काढल्या. शर्टाची वरची बटणं काढली. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की काय होतं मला सांगता येणार नाही, पण भिंतीकडे तोंड करणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. त्याने विचारलं, "मंग माले कसं समजी, मी बरा व्हयनू ते?"

मला उत्तर माहीत होतं. रक्त तपासायचं, डॉक्टर सांगतील. पण ते उत्तर मला द्यायचं नव्हतं, आणि त्याने मला विचारलंही नव्हतं.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, चष्मा लावला. त्याची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे फिरवलं. मी रोज करायची तशी खालची पापणी अंगठ्याने ओढली, जवळ जाऊन बघितलं. एक डोळा, मग दुसरा.

"डोया आजून पिवया शेतस," त्या म्हणाल्या. "बठ."

तो बसला.

माळ नदीत गेली नाही. सासूबाईंनी ती आंघोळीच्या बंबात टाकली, चरचर वाजून जळली. मदतनीस पॅनवर बसला आणि त्या हंगामात उठला नाही. पहिल्या साखरेचं पोतं निघालं तेव्हा मूठभर साखर कागदात बांधून आमच्याकडे घेऊन आला. नवऱ्याने ती तळहातावर पसरली, उजेडात धरली, दाणा बघितला आणि म्हणाला, "बरा धरलाय." मग एकही दाणा न सांडता कागद परत बांधला. त्याला किती लागलं असेल ते मला ठाऊक आहे. एरवी मी लगेच काहीतरी बोलले असते, तेव्हा चहा टाकायला उठले.

कावीळ किती दिवसांत उतरते, हे मला आजही कोणी विचारलं तर मी मुदत सांगत नाही. डोळे हळूहळू निवळत होते, पण थकवा जाता जाईना. फाटकापर्यंत जाऊन आला की तासभर झोपायचा. कधी चिडायचा, ताट सरकवायचा. मीही चिडायची. पण सकाळी ऊन ओट्यावर आलं की तो आपण होऊन बाहेर बसायचा, आणि आता पापणी ओढायचं काम माझं उरलं नव्हतं. सासूबाई चष्मा पुसून यायच्या, एक डोळा बघायच्या, दुसरा बघायच्या, "बठ" म्हणायच्या आणि आत जायच्या. रोज. एकही दिवस त्यांनी त्याला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं नाही. तो रोज विचारायचा आणि रोज तेच ऐकायचा, आणि तरी जेवायचा.

होळी जवळ आली. काठी गावच्या होळीला जायला डोंगरातली तोडणीवाली माणसं मुकादमाकडे सुटी मागायला लागली होती. एका सकाळी सासूबाईंनी त्याचं तोंड उन्हाकडे केलं, पापणी ओढली आणि बघतच राहिल्या. दुसरा डोळा बघितला. परत पहिला बघितला. त्या "बठ" म्हणाल्या नाहीत. मी दारात हातात भाजी घेऊन उभी होते.

त्या उठल्या, माझ्याजवळून आत गेल्या, कोठीमागे हात घालून हळदीचा डबा काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"आज भाजीमा हयद टाक," म्हणाल्या.